चित्रातली माणसं मोजताना

निसर्गचित्र समोर आलं की त्यातली माणसं मोजायची, ही माझी जुनी खोड. डोंगर, झाडं, पाणी, आभाळ हे सगळं मागाहून. आधी माणूस कुठे आहे, केवढा आहे आणि काय करतो आहे ते शोधायचं. कधी तो बोटाएवढा असतो, कधी तांदळाच्या दाण्याएवढा, पुष्कळदा नसतोच. चित्रकार मित्र या सवयीला हसतात. निसर्गचित्रातल्या माणसाला त्यांच्या लेखी फारसा मान नाही. झाड किती उंच आहे ते कळावं म्हणून, नाहीतर हिरव्या पसाऱ्यात तांबड्याचा एक ठिपका हवा म्हणून तो टाकलेला असतो. मला मात्र गेल्या काही वर्षांच्या वाचनातून आणि पाहण्यातून असं वाटू लागलं आहे, की या ठिपक्याचा माग काढत गेलं तर निसर्गचित्राचा इतिहास बराच वेगळा दिसतो.

आपल्या शाळांमधलं निसर्गचित्र सगळ्यांना पाठ आहे. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, तिथूनच निघालेली नागमोडी नदी, काठावर कौलारू घर, एक नारळाचं झाड आणि आभाळात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. ज्यानं आयुष्यात नारळाचं झाड पाहिलेलं नाही तो विदर्भातला मुलगाही हेच काढतो. घराचं दार बंद असतं. आत कोण राहतं, नदीकाठच्या हिरव्या पट्ट्यात काय पेरलं आहे आणि ती जमीन कुणाच्या नावावर आहे, हे प्रश्न चित्रकलेच्या तासाला कुणी विचारत नाही.

यात शब्दाचाही थोडा हात आहे. ‘लँडस्केप’ हा शब्द इंग्रजीत साधारण १६०० च्या आगेमागे डच चित्रकारांच्या बोलीतून आला. मूळ डच शब्दाचा अर्थ मुलूख, प्रदेश. चित्र हा अर्थ त्याला नंतर चिकटला. म्हणजे त्या शब्दाच्या पोटात जमीन आहे. आपण ‘देखावा’ म्हणायचो, अजूनही कुणी ‘सीनरी’ म्हणतं, आणि प्रतिष्ठित शब्द म्हणून ‘निसर्गचित्र’ रुळला. त्यात जमीन गळून पडली आणि निसर्ग उरला. मराठी माणसाला जमीन म्हटलं की सातबारा आठवतो, निसर्ग म्हटलं की सहल.

या विषयाची सुरुवात चीनपासून करावी लागते, कारण डोंगर-पाणी हाच चित्राचा मुख्य विषय असू शकतो हे तिथे युरोपच्या कितीतरी आधी ठरलं होतं. चिनी भाषेत या प्रकाराला ‘शान-श्वेई’ म्हणतात, म्हणजे शब्दशः डोंगर-पाणी. पाचव्या शतकात वारलेला झोंग बिंग हा चित्रकार आयुष्यभर डोंगर हिंडला. म्हातारपणी पाय थकले तेव्हा त्यानं पाहिलेले डोंगर आपल्या खोलीच्या भिंतींवर रंगवले आणि पडल्या पडल्या त्यांत फिरायला सुरुवात केली. डोंगरचित्र म्हणजे काय, यावर त्यानं लिहिलेलं छोटं टिपण आजही वाचलं जातं. अकराव्या शतकात ग्वो शी या दरबारी चित्रकाराचे विचार त्याच्या मुलानं संकलित केले. त्यांत तो विचारतो, की भल्या माणसाला डोंगर-पाण्याची ओढ का असते? आणि उत्तरही देतो: ओढ असते, पण आईवडील आहेत, राजाची चाकरी आहे, सोडून जाता येत नाही, म्हणून चित्रकारानं ते त्याच्या बैठकीपर्यंत आणून द्यायचं. निसर्गचित्राचं इतकं प्रांजळ समर्थन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. कचेरीत अडकलेल्या माणसाची ही कला आहे. जो डोंगरातच राहतो त्याला तिची गरज नाही.

असं असेल तर चिनी चित्रांत फक्त साधू आणि कवीच भेटायला हवेत. बऱ्याच चित्रांत तेच भेटतातही. पण या परंपरेतलं जे सर्वांत थोर चित्र मानलं जातं, ते फान क्वानचं ‘डोंगर-ओढ्यांतले वाटसरू’, साधारण इसवी सन १००० चं, त्यात वेगळंच काही आहे. रेशमावर शाईनं काढलेलं हे उभं चित्र २०६ सेंटिमीटर उंच आणि १०३ सेंटिमीटर रुंद आहे. सध्या ते तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात असतं. चित्राचा वरचा बहुतेक भाग एकाच कड्यानं व्यापलेला आहे. त्याच्या भेगेतून दोऱ्यासारखा धबधबा उतरतो आणि खाली धुक्यात नाहीसा होतो. धुक्याच्या अलीकडे झाडी, खडक, देवळाची छपरं. आणि अगदी खाली, उजव्या कडेला, नखाएवढ्या आकाराचा खेचरांचा तांडा आणि त्यांना हाकणारी माणसं.

छापील चित्रात हा तांडा शोधायला मला भिंग घ्यावं लागलं. तो पाहिल्यावर कड्याची उंची एकदम अंगावर येते, हे तर खरंच. पण मला धरून ठेवलं ते दुसऱ्या गोष्टीनं. ही माणसं डोंगर पाहायला आलेली नाहीत. त्यांच्या जनावरांच्या पाठीवर ओझं आहे, त्यांना कुठेतरी पोहोचायचं आहे. चित्रातला एवढा प्रचंड कडा त्यांच्या डोक्यावर आहे आणि त्यांचं लक्ष वाटेवर आहे. फान क्वान स्वतः डोंगरात एकटा राहणारा माणूस होता असं जुने चिनी ग्रंथ सांगतात. चित्रावर सही दिसत नसल्यामुळे ते त्याचंच आहे का, ही शंका शतकानुशतकं होती. १९५८ मध्ये संग्रहालयातले अभ्यासक ली लिन-त्सान यांना ती सही सापडली. ती होती खेचरांच्या तांड्याशेजारी, झाडाच्या पानांत दडवलेली. एवढ्या डोंगरात नाव लिहायला त्यानं हमालीच्या वाटेशेजारची जागा निवडली.

युरोपात जमीन चित्रात आली ती आधी दुसऱ्या कशाची तरी सोबत म्हणून. मेरी आणि बाळ येशू पुढे, आणि खिडकीतून दिसणारा निळसर डोंगर मागे. पण एक मोठा अपवाद आहे, इटलीतल्या सिएना शहराच्या नगरसभेच्या इमारतीत. आंब्रोजो लोरेंझेत्तीनं १३३८-३९ मध्ये तिथल्या एका दालनात चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराचे परिणाम भिंतीवर रंगवले. चांगल्या कारभारातलं शहर, त्याला लागून वेस, आणि वेशीबाहेर पसरलेला मुलूख: टेकड्या, द्राक्षमळे, पेरणी, कापणी, मळणी, सगळं एकाच वेळी चाललेलं. शेतकरी लादलेली गाढवं आणि एक पट्ट्यांचं डुक्कर घेऊन शहराकडे निघालेत. शहरातले घोडेस्वार बहिरी ससाणे घेऊन शिकारीला बाहेर पडलेत. वर आकाशात सुरक्षितता नावाची एक स्त्री तरंगते, आणि तिच्या हातात फाशीचा खांब आहे, त्याला माणूस लटकलेला. हे दालन शहर चालवणाऱ्या नऊ जणांच्या बैठकीचं होतं. निर्णय घेताना त्यांच्या नजरेसमोर आपला मुलूख असायचा, कष्ट करणाऱ्यांसकट आणि फासावर गेलेल्यासकटही. दहाच वर्षांत, १३४८ च्या प्लेगमध्ये सिएना उद्ध्वस्त झालं. लोरेंझेत्तीही बहुधा त्यातच गेला.

नंतरची दोन शतकं मी भराभर ओलांडतो. लिओनार्दोनं ५ ऑगस्ट १४७३ ही तारीख घालून आर्नो नदीच्या खोऱ्याचं रेखाटन केलं, आल्ब्रेख्त आल्टडॉर्फरनं १५२० च्या सुमारास माणूस अजिबात नसलेलं निखळ निसर्गचित्र तैलरंगात केलं. कलेच्या इतिहासात या दोन्ही गोष्टींना मोठा मान आहे. पण माझा माणूस तिथे भेटत नाही, तो भेटतो ब्रॉइगेलकडे.

पीटर ब्रॉइगेलनं १५६५ मध्ये निकलास योंगलिंक या अँटवर्पच्या व्यापाऱ्यासाठी वर्षाच्या ऋतूंची चित्रमाला केली. तिच्यातली पाच चित्रं आज उरली आहेत. त्यांपैकी ‘कापणी करणारे’ हे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पिवळाधमक गहू, इतका दाट की कापलेल्या भागातून वाट काढल्यासारखी दिसते. डावीकडे माणसं विळे चालवताहेत. उजवीकडे झाडाखाली न्याहारी चालली आहे. कुणी पाव कापतंय, कुणी वाडगं तोंडाला लावलंय. आणि झाडाच्या बुंध्याशी एक जण पाय फाकवून, तोंड उघडं टाकून ढाराढूर झोपला आहे. मागे उतारावर खेडं, पोरांचा काहीतरी खेळ, त्याच्या मागे समुद्र आणि जहाजं.

शेतात राबलेल्या कुणालाही हा झोपलेला माणूस ओळखीचा वाटेल. दुपारच्या उन्हात बांधावरच्या झाडाखाली भाकरी खाऊन अंग टाकलं की माणूस असाच पडतो. ब्रॉइगेल त्याला सुंदर करत नाही आणि त्याची कीवही करत नाही. त्याच्या चित्रात जमीन हा कामाचा पसारा आहे. दूरचा समुद्र जितका खरा, तितकाच वाडग्यातला घास खरा. पुढची हकीकत बोलकी आहे. १५६६ मध्ये योंगलिंकनं एका ओळखीच्याच्या देण्याला जामीन राहताना आपला चित्रसंग्रह तारण म्हणून लावला. त्यात ब्रॉइगेलची सोळा चित्रं होती. चित्र पुरं झाल्यावर वर्षभरातच कापणी करणाऱ्यांचं काम कर्जाला तारण लागलं.

सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांकडे क्षितिज खाली उतरलं आणि दोन-तृतीयांश चित्र आभाळानं भरलं. या मुलखातली कितीतरी जमीनच माणसानं बनवलेली होती. बेमस्टर नावाचं मोठं सरोवर पवनचक्क्यांनी उपसून १६१२ मध्ये कोरडं केलं आणि तिथे शेती सुरू झाली. चर्चकडून मोठी कामं मिळणं थांबलेलं, घरात लावायला चित्र विकत घेणारा मध्यमवर्ग तयार झालेला. अशा गिऱ्हाइकाला आपला सपाट, ओला, कष्टानं मिळवलेला मुलूख भिंतीवर हवा होता. याकोब फान राउसडाल यानं हारलेम शहराचा दुरून दिसणारा देखावा अनेकदा रंगवला. हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयातल्या चित्रात ढगांतून सुटलेला उजेड खालच्या कुरणावर पडला आहे आणि तिथे पांढऱ्या लांब पट्ट्या अंथरलेल्या आहेत. ती विरंजनासाठी पसरलेली तागाची वस्त्रं. हारलेमचा हा नावाजलेला धंदा. पट्ट्यांच्या मध्ये मुंग्यांएवढ्या माणसांची लगबग चालू आहे. माणूस लहान झाला, पण त्याचा माल उजेडात आहे. व्यापाऱ्यांच्या देशाला हे शोभणारंच.

माणूस खऱ्या अर्थानं अडचणीचा होतो तो अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये. सफक परगण्यातल्या सडबरी गावच्या थॉमस गेन्सबरोनं १७५० च्या सुमारास मिस्टर आणि मिसेस अँड्रूज या नवविवाहित जमीनदार जोडप्याचं चित्र काढलं. डावीकडे ओकच्या झाडाशी नवराबायको. त्याच्या काखेत बंदूक, तिच्या निळ्या झग्यावर मांडीपाशी थोडी जागा रंगवायची राहून गेलेली. उरलेली उजवी बाजू म्हणजे त्यांची शेतजमीन. गव्हाच्या पेंढ्या रचलेल्या, धसकटांच्या ओळी सरळ, म्हणजे पेरणी नव्या पाभरीनं केलेली. कापणी नुकतीच झालेली दिसते. कापणारा कुठेच नाही.

जॉन बर्जरनं १९७२ मध्ये बीबीसीवर या चित्राबद्दल बोलताना मुद्दा मांडला, की हे दोघं निसर्गप्रेमी वगैरे नाहीत, ते जमिनीचे मालक आहेत आणि मालकी त्यांच्या बसण्या-उभं राहण्यात दिसते. त्यावर कलाभ्यासक चिडले होते. मला बर्जरचं म्हणणं पटतं, पण पुरतं नाही. त्या ढगाखालचा ओलसर उजेड गेन्सबरोनं मालकाला खूश करायला काढलेला नाही. तो त्याचा स्वतःचा आनंद आहे. श्रीमंतांचे चेहरे रंगवून आपण विटलो आहोत, एखाद्या गावी जाऊन निवांत निसर्गचित्रं काढावीशी वाटतात, असं त्यानं मित्राला लिहिलं होतं. तरी तो लंडनमधल्या घरात टेबलावर दगड, वाळक्या वनस्पती आणि आरशाचे तुकडे मांडून त्यांवरून डोंगर, झाडं, तळी रचायचा. निसर्गाची ओढ खरी आणि त्यातला मजूर मात्र गायब, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदतात.

याच दशकांत इंग्लंडच्या पार्लमेंटनं एकामागून एक कायदे करून गावांची सामाईक राने कुंपणात घातली. आपल्या भाषेत सांगायचं तर गायरानं खासगी झाली. जिथे गरिबाची गाय चरायची, जळण मिळायचं, ती जागा गेली आणि तो निव्वळ रोजंदारीवर आला. नेमक्या त्याच काळात ‘पिक्चरेस्क’ म्हणजे चित्रासारखं रान पाहत हिंडण्याची हौस सुखवस्तू इंग्रजांत पसरली. या हौसेचा आचार्य विल्यम गिल्पिन हा पाद्री. टिंटर्न मठाचे पडके अवशेष त्याला पुरेसे पडके वाटेनात. एखाद्यानं बेतानं हातोडा चालवला तर बरं, असं त्यानं १७८२ मध्ये छापून ठेवलं आहे. अशा डोळ्याला गरिबाची झोपडी जितकी मोडकी तितकी अधिक सुंदर दिसणार, यात नवल नाही.

या सगळ्या गुंत्याची गाठ मला जॉन कॉन्स्टेबलच्या चित्रांत दिसते. तो १७७६ मध्ये सफकमध्येच, स्टूर नदीजवळच्या ईस्ट बर्गहोल्ट गावी जन्मला. वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल धान्याचे व्यापारी, फ्लॅटफर्डच्या पाणचक्कीचे मालक. पोरगा चित्रकलेकडे वळण्याआधी काही काळ वडिलांच्या पवनचक्कीत कामाला होता. चक्कीवाल्याला आभाळ वाचता यावं लागतं. वारा फिरला आणि ते कळलं नाही तर पाती मोडतात. पुढे १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडला त्यानं नुसत्या ढगांचे अभ्यास केले, मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा टिपून. त्याच्या आभाळाचं कौतुक करताना ही चक्की विसरता कामा नये.

१८२१ मध्ये त्यानं रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात १३० बाय १८५ सेंटिमीटरचं एक चित्र मांडलं. त्यानं दिलेलं नाव होतं ‘निसर्गचित्र: दुपार’. आता जग त्याला ‘द हे वेन’ म्हणजे वाळल्या गवताची गाडी म्हणून ओळखतं. चक्कीजवळच्या उथळ पाण्यात रिकामी गाडी उभी आहे, वर दोन माणसं. उन्हाळ्यात लाकूड आटून चाकाची धाव सैल होते, म्हणून चाकं पाण्यात भिजवत असावेत, असं काही जाणकार सांगतात. बैलगाडीवाल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. डावीकडे विली लॉट नावाच्या शेतकऱ्याचं घर, पाण्याशी वाकलेली एक बाई, काठावर कुत्रं. दूर उजवीकडे, कुरणाच्या पलीकडच्या कडेला, पांढऱ्या सदऱ्यांचे चार-दोन फटकारे दिसतात. ते गवत कापून भरणारे मजूर. लंडनच्या नॅशनल गॅलरीत या चित्रापुढे उभं राहून मी ते शोधले तेव्हा माझ्या शेजारच्या बाई घरातल्या कॅलेंडरवर हेच चित्र होतं असं कुणालातरी सांगत होत्या. बिस्किटांच्या डब्यांवर, ट्रेंवर, कॅलेंडरांवर छापून छापून ते इंग्रजांच्या मनातलं गाव होऊन बसलं आहे.

आता हे चित्र कोणत्या वर्षातलं आहे ते पाहू. १८१५ ला नेपोलियनशी युद्ध संपलं, धान्याचे भाव कोसळले, फौजेतून सुटलेली माणसं गावात बेकार फिरू लागली. मळणीयंत्रं आली आणि हिवाळ्यात कोठारात बसून मळणी करून मिळायची ती मजुरीही गेली. १८१६ मध्ये पूर्व इंग्लंडमध्ये भाकरीसाठी दंगे झाले आणि माणसं फासावर गेली. १८२२ मध्ये सफकमध्ये मजुरांनी यंत्रं फोडली, गंज्या पेटवल्या. चक्क्या आता भाऊ एब्राम सांभाळत होता. त्याच वर्षी कॉन्स्टेबलनं मित्र फिशर याला लिहिलेल्या पत्रात भावाकडून आलेली बातमी आहे, की जवळ नाहीतर लांब आगी दिसल्याविना एकही रात्र जात नाही. पत्र लंडनहून लिहिलेलं आहे. ‘हे वेन’सुद्धा लंडनच्या खोलीत, पूर्वी करून ठेवलेल्या रेखाटनांवरून आणि आठवणींवरून रंगवलेलं आहे.

मग हा चित्रकार खोटारडा म्हणायचा का? जॉन बॅरल या अभ्यासकानं १९८० च्या ‘द डार्क साइड ऑफ द लँडस्केप’ या पुस्तकात या प्रश्नाचा चांगला पाठपुरावा केला आहे. इंग्रजी चित्रांत गरीब माणूस कसा दाखवायचा याचे अलिखित नियम होते. तो आनंदी हवा, नाहीतर कामसू हवा, आणि दोन्ही जमेना तेव्हा तो दूर सरकवला गेला, असं बॅरल दाखवतो. मी एवढंच जोडीन, की कॉन्स्टेबलला कामाची उपकरणं अतोनात प्रिय होती. १८१५ च्या सुमाराचं त्याचं फ्लॅटफर्डच्या नाव बांधणीचं चित्र पाहा. तिथेच बसून काढलेलं, प्रत्येक हत्यार नेमकं. नावेची फळी, भिजलेलं चाक, पाण्याचा दरवाजा, शेवाळलेला खांब हे त्यानं कुणाहीपेक्षा जवळून पाहिलं. पण चक्की बापाची होती. मालकाच्या मुलाला काम जवळून दिसतं आणि काम करणारा थोडा लांबून. सुधारणांच्या चळवळीला त्याचा कडवा विरोधच होता. हे सगळं ठाऊक असूनही ते चित्र मला आवडतं, आणि त्या आवडीचं नीट समर्थन मला करता येत नाही.

इंग्लंडात ते विकलं गेलं नाही. एका व्यापाऱ्यामार्फत ते पॅरिसला गेलं, १८२४ च्या सलाँमध्ये त्याला सुवर्णपदक मिळालं, आणि ते पाहून दलाक्रानं आपल्या एका मोठ्या चित्राचा काही भाग पुन्हा रंगवला, ही कथा कलेच्या प्रत्येक पुस्तकात आहे. तिथून पुढे बार्बिझाँचे चित्रकार, १८४१ मध्ये आलेली रंगांची धातूची नळी, रेल्वे, मोने आणि मंडळी, हा रस्ता वाचकांच्या परिचयाचा आहे. मला थोडं मागे जाऊन पुण्याला यायचं आहे.

कारण कॉन्स्टेबल गावच्या पवनचक्कीत वारा ओळखायला शिकत होता, त्याच सुमाराला ही इंग्रजी नजर जहाजानं आपल्याकडे पोहोचली होती. थॉमस डॅनिएल आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६ मध्ये कलकत्त्याला उतरले, सात-आठ वर्षं देश हिंडले आणि परत गेल्यावर १७९५ ते १८०८ या काळात त्यांनी ‘ओरिएंटल सीनरी’ या नावानं १४४ छापचित्रं काढली. देवळं, घाट, धबधबे, वडाची झाडं, आणि त्यांखाली विसावलेली, प्रमाण दाखवणारी छोटी माणसं. कॅमेरा ऑब्स्क्युराच्या मदतीनं काढलेल्या त्यांच्या इमारती अचूक आहेत. माणसं मात्र नेहमीच निवांत. दक्षिणेत तिसरं म्हैसूर युद्ध आटोपत होतं, दख्खनेत मोठा दुष्काळ पडला होता. चित्रांत त्याचा मागमूस नाही.

१७९३ मध्ये हे काका-पुतणे मुंबईला आले तेव्हा त्यांची भेट जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराशी झाली. वेल्स १७९१ पासून इथे होता. इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यामार्फत तो पेशव्यांच्या पुण्यात गेला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची आपल्याला ठाऊक असलेली चित्रं त्याचीच. त्याच्या हाताखाली एक पुणेकर काम करत होता, गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. तांबटाच्या घरातला हा माणूस आधीपासूनच मॅलेटसाठी चित्रं काढत होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्यानं १७९० मध्ये काढला. वेरूळची लेणी त्यानं मोजून-मापून, छायाप्रकाशासह कागदावर उतरवली. त्याच्या कामाचा बराच भाग आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे.

वेल्स १७९५ मध्ये साष्टीत लेण्यांची चित्रं काढताना आजारी पडून वारला. त्याची रेखाटनं डॅनिएलच्या हाती गेली आणि १८०३ मध्ये वेरूळच्या लेण्यांचा चोवीस चित्रांचा संग्रह लंडनला निघाला. शीर्षकपानावर वेल्सचं नाव आहे, डॅनिएलचं आहे. गंगारामचं नाही. आजवर मी चित्रातला माणूस शोधत आलो, इथे चित्र काढणाऱ्यालाच शोधावं लागतं. त्याच्या रेखाटनांकडे पाहिलं की एक गोष्ट जाणवते. नव्यानं शिकलेला छायाप्रकाश तो जपून वापरतो, पण रेषा त्याची स्वतःची आहे, ठोक्यानं भांड्याची कड बांधून काढावी तशी बंदिस्त. गिल्पिनला हवं असलेलं पडकेपण त्याला सुचत नाही. दगड जसा कोरला आहे तसा.

त्याआधी आपल्याकडे निसर्ग चित्रात नव्हता असं म्हणणं चूक ठरेल. बारामासाच्या राजस्थानी आणि पहाडी चित्रांत ढग, बगळे, मोर, फुललेला आंबा यांची रेलचेल आहे. पण तो विरहिणीच्या मनातला पाऊस आहे. त्याला अमुक गावचा पत्ता नाही. पत्ता असलेला देखावा आला तो नकाशे, मोजणी आणि साराबंदीच्या बरोबरीनं. १८५७ मध्ये मुंबईला जे. जे. कला शाळा सुरू झाली, १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी. तिथून शिकलेल्यांपैकी कोल्हापूरचे आबालाल रहिमान मला सर्वांत जवळचे. शाहू महाराजांचा आश्रय लाभलेला हा चित्रकार मुंबईत नाव काढायच्या भानगडीत पडला नाही. कोल्हापूरचंच पाणी, झाडं, घाट आणि त्यांवरचा बदलता उजेड तो जलरंगांत पाहत राहिला. जे त्याच्या आधी इंग्रज प्रवासी जाता जाता पाहत, ते त्यानं वर्षानुवर्षं एका जागी राहून पाहिलं.

त्याच कोल्हापुरात देखाव्याची आणखी एक शाखा वाढत होती आणि कलेचे इतिहासकार तिच्याकडे फारसे वळत नाहीत. संगीत नाटकांचे पडदे. रस्त्याचा पडदा, राजवाड्याचा पडदा, जंगलाचा पडदा. आमच्या आजोबांच्या पिढीनं पाहिलेलं सर्वांत मोठं निसर्गचित्र कोणतं असेल तर ते जंगलाच्या पडद्याचं. हे पडदे रंगवण्यात आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री या चुलतभावांचं मोठं नाव होतं, इतकं की त्यांचं आडनावच पेंटर झालं. देखावा मागे, नट पुढे. जमीन ही गुंडाळून ठेवायची वस्तू. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी हातानं बनवलेल्या कॅमेऱ्यावर चित्रपट काढायला घेतले.

पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांनंतर १९२५ मध्ये त्यांनी ना. ह. आपट्यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ केला. कर्जाच्या कागदापायी जमीन गेलेला शेतकरी गाव सोडतो आणि शहरात गिरणीमजूर होतो. शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण शांताराम होते. रात्रीची उदास झोपडी आणि भेसूर ओरडणारं कुत्रं हे त्यातलं लांबून घेतलेलं दृश्य पाहणाऱ्यांच्या पुढे कित्येक वर्षं लक्षात राहिलं. जन्मभर पडद्यांवर देखावे रंगवलेल्या माणसानं ते लावलं होतं. १९३६ मध्ये बाबूरावांनी हीच गोष्ट पुन्हा, बोलपट म्हणून केली.